शेवटच्या बाकापर्यंत

सोमवार, ३ जुलै

पार्सल आलं. पुस्तक एक, किंमत साडेसहा. टपालखर्च सव्वा. चपलेला टाके घालून आणले, अर्धा. शाळेकडून खडूची पेटी आणि डस्टर, ते फुकट. एकूण सव्वाआठ. या महिन्यात साबण बेतानं वापरायचा.

पुस्तकाचं नाव लांबलचक आहे. वर्गात रोज लागणारी इंग्रजी वाक्ये, खास शिक्षकांसाठी. आत नुसती वाक्यंच वाक्यं. उठा, बसा, पुस्तकं उघडा, माझ्यामागून म्हणा, आज कोण गैरहजर आहे, खिडकी लावा. सगळी हुकमाची! ह्यांनी ते चाळलं, म्हणाले, "यात नवीन काय आहे? आपल्या भाषेत मी हे रोज ऐकतोय."

हे हसण्यावारी नेतात. मी पहिलं पान पाठ करायला घेतलंय.

झालं असं, की कोपऱ्यावरच्या शाळेत दुसरीला इंग्रजी शिकवणाऱ्या बाई नवऱ्याच्या बदलीमुळे गेल्या. मुख्य बाईंना — त्यांना सगळे मोठ्या बाईच म्हणतात — कुणीतरी माझं नाव सांगितलं. मॅट्रिक आहेत, इंग्रजीत गुण चांगले होते, घरीच असतात. त्या आल्या, चहासुद्धा घेतला नाही, उभ्या उभ्याच म्हणाल्या, "दोन अटी. इंग्रजीच्या तासाला आपल्या भाषेचा एक शब्द नको. आणि आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोचला पाहिजे. बाकी सगळं शिकता येतं हो, आवाज असावाच लागतो."

मी हो म्हणून बसले. कशी म्हणाले, देव जाणे.

गुरुवार, ६ जुलै

भांडी घासताना वाक्यं पाठ करते. कढईला म्हणते सिट डाउन. वाट्यांना म्हणते स्टँड इन अ लाइन. फडताळाला — लुक अ‍ॅट द बोर्ड. भांडी फार गुणी, सगळं ऐकतात.

सासूबाई दारात बसून माझ्या तोंडाकडे बघत होत्या. त्यांना ऐकू कमी येतं, सगळं ओरडून सांगावं लागतं. म्हणाल्या, "मला शिव्या देतेस काय गं?"

मी ओरडून सांगितलं, "नाही हो, इंग्रजी बोलतेय!"

"मग तेच ते," म्हणाल्या.

सोमवार, १० जुलै

गेले. आले. जिवंत आहे.

वर्ग बोळासारखा लांबट. एका बाजूला भिंत नाही, फळ्या ठोकलेल्या आहेत. पलीकडे गणिताचे मास्तर. त्यांच्या वर्गाचे पाढे सुरू झाले की आमचा फळा थरथरतो. गुड मॉर्निंग म्हणाले, तेवढं जमलं. पुढचं सगळं डोक्यातून साफ! ओल्या फडक्यानं पुसावं तसं. सिट डाउन म्हणताना मी हातच वर केला. मुलं बिचारी उभीच राहिली.

शेवटच्या बाकावरून एक मुलगा ओरडला, "ऐकू येत नाही!"

पहिल्या बाकावरची चष्मेवाली मुलगी गर्रकन वळली. "इंग्रजीत सांग!"

"इंग्रजीतलं ऐकू येत नाही!"

सगळा वर्ग हसला. मीही हसले असते, पण मोठ्या बाई व्हरांड्यात उभ्या होत्या. दाराच्या फटीतून त्यांची पावलं दिसत होती. मग मी आवाज चढवला. ओपन युवर बुक्स! रिपीट आफ्टर मी! घशाच्या शिरा ताठ झाल्या. पावलं हलली, निघून गेली.

मधल्या सुटीत गणिताचे मास्तर म्हणाले, "बाई, तुमच्या हुकमावर माझ्या वर्गानं पुस्तकं उघडली. आता तुमच्या वर्गानंही उघडली म्हणजे झालं."

घरी येऊन देवापुढे बसले.

बुधवार, १९ जुलै

आज वर्ग चालला. खरंच चालला!

मी हँड्स अप म्हटलं, हात वर. टर्न टू पेज टेन — पानांची सळसळ. युवर टर्न म्हटलं की ज्याच्याकडे बोट त्यानं उठायचं. मुलांना शब्दांचा अर्थ आधी कळतो की सुराचा, मला सांगता येणार नाही, पण कळतं. मीसुद्धा आता पुस्तकात न बघता बोलते. शेवटच्या बाकावरच्या त्या मुलाला सगळे भोंगा म्हणतात. गिरणीला लावला तर कामगार वेळेवर येतील. मधल्या रांगेत एक बारकी मुलगी आहे, ती बोलतच नाही. पाटीवर लिहिते, पुसते, पुन्हा लिहिते. तिचं नाव मुलांनीच पाडलंय — खोडरबर.

रस्त्यात भोंग्याची आई भेटली. "टीचर," अशी हाक मारली मला. मी मागे वळून बघितलं, कुणाला बोलावतेय म्हणून.

लग्नापासून मी कुणाची सून, कुणाची बायको. इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझ्या स्वतःच्या कामाची हाक. गर्व होऊ देऊ नकोस रे देवा.

शनिवार, २९ जुलै

घसा बसलाय. मिठाच्या पाण्यानं गुळण्या केल्या.

मंगळवार, ८ ऑगस्ट

अजून बसलेलाच. दुखत नाही, हे आणखी वाईट. दुखलं असतं तर सर्दी म्हटलं असतं.

मध चाटला, गरम पाणी प्याले, गळ्याला लोकरीचं फडकं गुंडाळलं. सासूबाईंचं म्हणणं वेगळंच आहे. "परकी भाषा घशाला मानवत नाही. नव्या चपलेसारखी चावते." आधी हसू आलं, मग वाटलं, असेलही. कुणी सांगावं? इतक्या वयात नवे आवाज काढायचे म्हणजे घासणारच. रुळेल.

रोज संध्याकाळी देवापुढे मी मोठ्यानं प्रार्थना म्हणते, सासूबाई शेजारी बसतात. आज दुसऱ्याच ओळीला आवाज फुटला. त्या डोळे मिटून बसल्या होत्या, त्यांना कळलं नाही. बाकीची मनात म्हटली. मनातली देवाला पोचते, असं म्हणतात.

बुधवार, १६ ऑगस्ट

ठरवलं. आवाज तेलासारखा वापरायचा. घरात एक थेंब सांडायचा नाही, सगळा वर्गासाठी ठेवायचा.

घरात आता कुजबुज. फारच गरज पडली तर. नाहीतर हातवारे. चमचा दाखवला की जेवायला चला, पिशवी दाखवली की बाजार. ह्यांना आधी मजा वाटली. "ही शांतता मी किती वर्षं मागत होतो! देवानं उशिरा का होईना ऐकलं."

मी हसले नाही. तेही मग थांबले. जेवताना दोनदा माझ्या गळ्याकडे बघितलं.

माझ्या काकांचं असंच सुरू झालं होतं. आधी आवाज बसला. सगळे म्हणत होते, पानतंबाखूचा माणूस, बसणारच. मी तंबाखूला कधी हात लावलेला नाही. हे मी स्वतःला दिवसातून किती वेळा सांगते!

सोमवार, २१ ऑगस्ट

सकाळी उठल्यावर आधी एक शब्द बोलून बघते. आहे का. 'देवा' म्हणून बघते. आज 'दे' आलं, 'वा' नुसती हवा.

गुरुवार, २४ ऑगस्ट

आज जे व्हायचं ते झालं.

मीच शिकवलंय वर्गाला — कुणी पुटपुटलं तर काय म्हणायचं? स्पीक अप, प्लीज. आज मी फळ्याजवळून वाचत होते. भोंगा उभा राहिला. खोडी नव्हती त्यात, अगदी शहाण्यासारखा हात वर करून म्हणाला, "स्पीक अप, प्लीज, टीचर."

वर्ग हसला नाही. हसला असता तर बरं झालं असतं. सगळे माझ्या तोंडाकडे बघत राहिले. मी पुन्हा वाचलं. पुन्हा तसंच, फाटक्या चाळणीसारखं. पलीकडे पाढे जोरात सुरू होते.

तास संपल्यावर मोठ्या बाईंनी बोलावलं. वाईट बोलल्या नाहीत. वाईट बोलल्या असत्या तर मी मनातल्या मनात भांडले असते. "घसा दाखवून घ्या. सहामाहीच्या सुटीपर्यंत बघू. तोवर नाही सुटला तर मला दुसरं कुणी बघावं लागेल. मनाला लावून घेऊ नका हं."

लावून घेऊ नका!

डॉक्टरकडे जायचं नाही. गेले की काहीतरी सांगतील.

सोमवार, २८ ऑगस्ट

रविवारभर पुस्तक घेऊन बसले होते. पानापानावर वाक्यं, आणि प्रत्येक वाक्य कुणी म्हणायचं? बाईंनी. एकटीनं एवढं सगळं म्हणायचं. का म्हणून? मुलांना येतात की आता.

आज वाटून टाकली. एकेक मूल, एकेक वाक्य. ज्याचं त्याचं. त्याची वेळ आली की त्यानंच उठून म्हणायचं, दुसऱ्या कुणी नाही. चिठ्ठीवर लिहून दिलं, फार बोलावं लागलं नाही. चष्मेवालीला — हू इज अ‍ॅबसेंट टुडे. दारापाशी बसणाऱ्याला — क्लोज द डोअर. एका गोबऱ्या मुलाला — ओपन युवर बुक्स. आणि भोंग्याला? सायलेन्स, प्लीज.

त्यानं चिठ्ठी वाचली आणि गार! कोण बोलतंय ते पकडायचं म्हणून पूर्ण तास स्वतः चिडीचूप. शाळा सुरू झाल्यापासून पहिल्यांदा. मास्तरांनी फळीवर टकटक करून विचारलं, "बाई, सगळे ठीक आहात ना पलीकडे?"

मंगळवार, ५ सप्टेंबर

गोबरा तापानं घरी. आणि वर्ग पुस्तकं मिटून बसलेला! मी खुणेनं सांगितलं, उघडा. नाही. चष्मेवाली म्हणाली, "इट इज हिज सेंटेन्स." दुसऱ्याचं वाक्य आपण कसं म्हणायचं? आता काय करावं! मी म्हणून दाखवावं तर घशातून काही निघेना.

मग भोंगा म्हणाला, "आय कीप. ही कम, आय गिव्ह."

म्हणजे मी सांभाळतो, तो आला की देतो. व्याकरण चुकलेलंय, पण हे वाक्य पुस्तकात कुठेच नाही. त्याचं त्यानं बनवलं! मी खडूनं फळ्यावर नीट करून लिहिलं, सगळ्यांनी म्हटलं. आता नियमच झालाय — गैरहजर मुलाचं वाक्य शेजाऱ्यानं सांभाळायचं.

घरी येऊन ह्यांना सांगायचं होतं. कुजबुजले तर ह्यांना अर्धंच कळलं. मग लिहून दिलं. ह्यांनी वाचलं, दुसऱ्यांदा वाचलं, कागद घडी करून खिशात ठेवला. म्हणाले, "उद्या डॉक्टरकडे जाऊ."

मी मान हलवली. नाही.

बुधवार, ६ सप्टेंबर

खोडरबरला मी मुद्दाम सर्वांत शेवटचं वाक्य दिलं होतं. दॅट इज ऑल फॉर टुडे. ते झालं की वर्ग सुटतो. आजवर मीच तिच्या वतीनं मान डोलवायचे आणि मुलं पळायची. आज चष्मेवालीनं अडवलं. ज्याचं त्याचं!

घंटा झाली. कुणी उठेना. पलीकडचा गणिताचा वर्ग धाडधाड बाहेर पडला. आमची मुलं दप्तरं पाठीला लावून बसलेली. खोडरबर पाटीवर लिहितेय, पुसतेय. मला वाटलं रडणार आता. मी तिच्याकडे निघाले, तर कुणीतरी कुजबुजलं आणि भोंगा गरजला, "सायलेन्स, प्लीज!"

मग ती उभी राहिली. ओठ हलवले. आवाज म्हणण्यासारखा काहीच नव्हता, मला तर ऐकूच आला नाही. पण सगळा वर्ग तिच्या ओठांकडे टक लावून होता. पूर्ण झाल्याबरोबर सगळे एकदम उठले. शेवटचा बाकही.

तिची आई बाहेर वाट बघत होती. उशीर का झाला म्हणून चिडलेली. मला काही सांगता आलं नाही.

शुक्रवार, १५ सप्टेंबर

गेले डॉक्टरकडे. हात धरूनच नेलं ह्यांनी.

आधी त्यांनी विचारलं, बोलणं कमी केलंय का? मी मोठ्या दिमाखात कुजबुजले, महिना झाला, घरात फक्त कुजबुजते. डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. "कुजबुजण्यानं घशावर जास्त ताण येतो, बाई! साधं बोलला असतात तर बरं."

म्हणजे महिनाभर मी काटकसर समजून उधळत होते. मी! बाजारात चवलीसुद्धा न सोडणारी!

मग आरसा लावलेली दांडी घशात घातली. ओकारी आली. पुन्हा घातली. त्यांचा चेहरा बघत होते मी. डॉक्टरांनी आरसा काढल्यावर माझ्याकडे नाही, ह्यांच्याकडे बघितलं. तिथेच समजले.

मोठ्या शहरातल्या दवाखान्याला चिठ्ठी दिलीय. "उशीर करू नका" एवढंच म्हणाले.

शनिवार, १६ सप्टेंबर

देवा.

सोमवार, २५ सप्टेंबर

मोठा दवाखाना. फिनेलचा वास. बाकावर माझ्या शेजारी एक म्हातारे गृहस्थ बसले होते, गळ्यात रुमाल. खोकले तर आवाज तोंडातून आला नाही, रुमालाखालून आला. मी सरकून बसले. नंतर लाज वाटली.

गाठीचा तुकडा काढून घेतला तपासायला. रक्ताची चव अजून जिभेवर आहे. सुटी टाकली नव्हती, मास्तरांनी दोन्ही वर्ग सांभाळले म्हणे. काय शिकवलं विचारलं, तर म्हणाले, "मी काही नाही. मी बसलो होतो. तुमच्या पोरांनी मला दोनदा गप्प केलं."

बुधवार, ४ ऑक्टोबर

वाईट गाठ आहे.

स्वरयंत्र काढायचं. सगळं. गळ्याला पुढून भोक ठेवतात, श्वास तिथून. जगाल, म्हणाले डॉक्टर, वेळेवर आलात. नाही केलं तर वर्षभर, फार तर. पुन्हा आवाज? नाही. काही जण ढेकर दिल्यासारखी हवा गिळून बोलायला शिकतात, सगळ्यांना जमतं असं नाही.

ढेकर देऊन देवाचं नाव घ्यायचं?

परत येताना बसच्या थांब्यावर ह्यांनी माझी पिशवी घेतली हातातून. लग्न झाल्यापासून कधी घेतली नव्हती. मी ओढली, तर सोडेनात. दोघं तशीच उभी होतो, पिशवी मधे धरून.

गुरुवार, ५ ऑक्टोबर

नाही करायचं. ठरलं.

आवाज देवानं दिला, देवाकडे जाताना बरोबर नेईन. मुकी होऊन घरात कुणाच्या उपयोगाची? सासूबाईंना हाक कोण मारणार? प्रार्थना कोण म्हणणार? आणि वर्ग तर गेलाच. आवाज नाही त्या बाईला शाळेत कोण उभं करेल? दोनच अटी होत्या.

ह्यांना लिहून दाखवलं. ह्यांचा चेहरा लाल झाला. आयुष्यात माझ्यावर ओरडले नाहीत ते आज ओरडले. "देव स्वतः येऊन सांगून गेला काय तुला, मर म्हणून?" मग कामावर, लाकडाच्या वखारीत, निघून गेले. डबा तसाच राहिला.

रविवार, ८ ऑक्टोबर

सासूबाईंना आम्ही सांगितलं नव्हतं. म्हटलं, ऐकू तर येत नाही, कशाला उगाच. पण त्यांना सगळं माहीत! ह्यांचं ओरडणं त्यांनी बघितलं होतं.

भाजी निवडत बसलो होतो. एकदम म्हणाल्या, "आवाज जाणार म्हणून रडतेस ना?"

मी मान हलवली.

"वेडी आहेस. तुझा आवाज मला कुठे येतोय? कान जाऊन किती वर्षं झाली. मी तोंड बघते तुझं. ओरडायचीस ती तू आपल्या समाधानासाठी. मी म्हटलं, ओरडू दे, तिला बरं वाटतंय."

मी थक्क. म्हणजे सगळा जन्म मी भिंतीशी—

"आणि प्रार्थना?" मी ओठांनी विचारलं. नुसत्या ओठांनी.

त्यांना लगेच कळलं. "ती तर मला पाठच आहे की. तू चुकतेस कुठे ते बघायला बसते."

भाजीची टोपली उचलून आत गेल्या. मी तिथेच. हसायला आलं की रडायला, ठाऊक नाही. आवाज तर कशाचाच आला नाही.

बुधवार, ११ ऑक्टोबर

आज मोठ्या बाई वर्ग बघायला आल्या आणि शेवटच्या बाकावर भोंग्याशेजारी बसल्या. सकाळपासून माझ्या घशातून एक अक्षर निघत नव्हतं. 'दे'सुद्धा नाही. मी मनात म्हटलं, देवा, हा शेवटचा तास. लाज राख.

मी फळ्यापाशी उभी राहिले. गुड मॉर्निंगचं वाक्य माझं होतं, ते मी कुणाला दिलं नव्हतं. ओठ हलवले. मुलांनी उत्तर दिलं, रोजच्यासारखं. मोठ्या बाईंनी मान तिरकी केली.

मग चष्मेवाली. हू इज अ‍ॅबसेंट. मग गोबरा. पुस्तकं उघडली. मी चित्राकडे बोट दाखवायचे, एकानं विचारायचं, दुसऱ्यानं सांगायचं, चुकलं की तिसऱ्यानं हात वर करायचा. मी खडूनं दुरुस्ती करायचे. मोठ्या बाई शेजारच्या मुलीला काही विचारायला वाकल्या — आपल्या भाषेत! भोंगा ताडकन उभा. "सायलेन्स, प्लीज! इंग्लिश ओन्ली, मॅडम!"

मी त्याला खुणेनं खाली बसायला सांगितलं. पण मोठ्या बाई म्हणाल्या, "सॉरी." आणि हाताची घडी घालून बसल्या.

सगळं पार पडलं. मुलं गेली. त्यांनी फळ्यावरच्या माझ्या दुरुस्त्या वाचल्या. "छान तयार झालीत मुलं. इतका बोलणारा दुसरीचा वर्ग मी बघितला नव्हता." मग माझ्याकडे वळल्या. "पण तुम्ही एक शब्द बोलला नाहीत."

मी मान खाली घातली.

"पालक विचारतील मला. मुकी बाई इंग्रजी शिकवते, हे मी त्यांना काय तोंडानं सांगू?"

चिडून नव्हे, खरंच विचारत होत्या. मी फळा पुसायला घेतला. सुटी लागली की त्या भावाकडे जातात, गावाला. परत आल्यावर ठरवू म्हणाल्या.

शुक्रवार, १३ ऑक्टोबर

आज हे कामाला गेले नाहीत. माझ्यासमोर पाटावर बसून राहिले.

आजवर इथे लिहीत आले, आवाज जाईल याची भीती, मुकी होण्याची भीती. खोटं नाही ते. पण आज खाली काय आहे ते दिसलं. मला मरायची भीती वाटते. खूप वाटते. देवावर एवढा विश्वास असून वाटते. काकांचे शेवटचे दिवस आठवतात, आणि मग सोमवारचा वर्ग आठवतो. गोबऱ्याला अजून एकच वाक्य येतं. ते बदलून दुसरं द्यायचं राहिलंय.

मंगळवार, २४ ऑक्टोबर. दवाखाना, बायकांचा वॉर्ड

मोठ्या बाईंना पत्र. खाडाखोड नको म्हणून मजकूर आधी इथे.

मोठ्या बाई, शुक्रवारी माझं ऑपरेशन आहे. सही आज केली. त्यानंतर मला आवाज नसेल. पुढे हवा गिळून बोलायला शिकवतात, शिकेन तेव्हा शिकेन. गळ्याला फडकं असेल. मुलं घाबरतील पहिले काही दिवस, मग विचारतील, आणि विचारतील ते इंग्रजीतच. पालकांना काय सांगायचं, असं तुम्ही विचारलं होतंत. त्यांना म्हणावं, येऊन शेवटच्या बाकावर बसा. शाळा उघडल्यावर दुसरीचा वर्ग मला पुन्हा हवा आहे. तुम्ही नाही म्हणालात तरी ऑपरेशन मी करणारच आहे, त्याची काळजी नसावी. पण शुद्धीवर आल्यावर मला विचारता येणार नाही, म्हणून आधीच विचारते. हो की नाही, जे असेल ते उलट टपाली कळवा.